दोन राज्यांची भूलवाली

माझ्याकडे डॉक्टरकीच्या नोंदणीचे दोन नंबर आहेत. एक महाराष्ट्राचा, एक मध्य प्रदेशाचा. ऐकणाऱ्याला वाटतं, बाई फारच मोठी असणार. मोठी कसली डोंबलाची! शिरपूरला घर आणि निम्मं काम सेंधव्याला, म्हणून दोन नंबर. आग्रा रोडने निघालं की पळासनेर लागतं, मग सीमा, मग बिजासनचा घाट, आणि घाट चढला की सेंधवा. आमच्या बाजारहाटाला, सोयरिकींना, केळीच्या गाड्यांना ही सीमा कधी दिसली नाही. ती फक्त डॉक्टरला दिसते. अलीकडे एका मेडिकल कौन्सिलची मर्जी राखायची, पलीकडे दुसरीची. पेशंटचं पोट मात्र दोन्हीकडे सारखंच दुखतं.

मी भूल देणारी डॉक्टर. माझा दवाखाना नाही, माझ्या नावाची पाटी नाही. लहान गावातल्या दवाखान्याला स्वतःचा भूलतज्ज्ञ ठेवणं परवडत नाही, म्हणून एकच जण गावोगाव फिरतो. फोन येतो, "मॅडम, सिझर आहे, निघा." गाडीच्या डिकीत बॅग कायम भरलेली. सकाळी शिरपूर, दुपारी सेंधवा, परत येताना थाळनेरकडचा कुणी हाडाचा पेशंट. लोक मला भूलवाल्या मॅडम म्हणतात. पाड्यावरच्या म्हाताऱ्या भूलवाली अक्का म्हणतात, आणि मला तेच जास्त आवडतं.

आणि आमच्याकडे हातगुणाला फार मान. डॉक्टर किती शिकलाय ते कुणी विचारत नाही, हाताला गुण आहे का ते विचारतात. माझ्या हाताला आहे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय. माझ्या हातून एकदा भूल घेतलेली बाई दुसऱ्या वेळी सर्जनला बजावते, "भूलवाली तीच पाहिजे, नाहीतर मी चालली घरी." मी वरवर हसायची, हातगुण बितगुण काही नसतं म्हणायची. मनातून गुदगुल्या व्हायच्या, खोटं कशाला बोलू?

माहेर धरणगावचं. तिथे तर मी म्हणजे घरचा देवच. मोठ्या भावाचं अपेंडिक्स, वहिनीचं गर्भाशय, चुलत्यांचा हर्निया, सगळे शिरपूरला आले आणि माझ्या हाताखाली झोपले. जळगाव धरणगावच्या उशाशी आहे. तिथे हवे तितके दवाखाने, मोठी मोठी यंत्रं. पण नाही. अमळनेरवरून धूळ खात शिरपूरला येणार, कारण बहीण तिथे आहे. मला मूलबाळ नाही, यजमान जाऊनही बरीच वर्षं झाली. भावाची मुलगी लहानपणापासून सुट्टी लागली की माझ्याकडे. तिचे दात माझ्याकडे पडले, सायकल माझ्या अंगणात शिकली, लग्नाचा शालू मी घेतला. तिचं पहिलं सिझर झालं तेव्हा पाठीत सुई घ्यायला ती इतकी घाबरली, की मी तिचं डोकं माझ्या पोटाशी धरून तिला बडबडगीत म्हणायला लावलं. ऑपरेशन थिएटरमधल्या सगळ्या बायका हसायला लागल्या. मुलगी झाली, छान झाली.

तर त्या नंबरांचं. महाराष्ट्राचा नंबर दर पाच वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो. त्यासाठी परिषदांना, व्याख्यानांना बसून पॉइंट जमवायचे. चांगली गोष्ट आहे, डॉक्टरने शिकत राहावं, मी कधी नाक मुरडलं नाही. पण आम्ही शिरपूरचे लोक. आम्हाला साडी घ्यायची तरी इंदूर, डोळा दाखवायचा तरी इंदूर. मुंबईला जायचं म्हटलं की आमच्या अंगावर काटा येतो. सकाळी निघालं की इंदूरला जेवायला पोचतो माणूस. मी पाच वर्षं इंदूरच्या परिषदांना गेले. पहिल्या रांगेत बसले, प्रश्न विचारले, पोहे-जिलेबी खाल्ली, सर्टिफिकेटं फाइलला लावली. तारीख जवळ आली तेव्हा कळलं, इंदूरचे पॉइंट इंदूरच्या बाजूला. महाराष्ट्राच्या नंबरसाठी महाराष्ट्राने मान्य केलेले पॉइंट लागतात. आता सांगा, पुण्याची डॉक्टर ही चूक करेल का? तिला इंदूर कोणत्या दिशेला आहे तेही माहीत नसेल. ही चूक आमच्याचकडची.

मग धावाधाव. ऑनलाइन व्याख्यानं ऐकली, दोनदा नाशिकला जाऊन बसले, पॉइंट भरले, अर्ज केला. तोवर जुनी मुदत संपून गेली होती. अर्ज पोर्टलवर जाऊन बसला. रोज उघडून बघायची, ओटीपी टाकायची, तेच उत्तर, प्रक्रिया चालू आहे. फोन लावला तर पलीकडच्या बाई अगदी गोड बोलल्या. "मॅडम, होईल, पण नूतनीकरण होईपर्यंत प्रॅक्टिस करू नका." मी म्हटलं, "इथे भूल द्यायला दुसरं कुणी नाही हो." त्या म्हणाल्या, "नियम आहे मॅडम." त्यांचं तरी काय चुकलं? त्यांना कुठे माहीत शिरपूरला बायका अडतात ते.

आणि मी घाबरले. हे सरळ सांगते, कारण पुढचं सगळं त्या भीतीतून झालं. भूल देणाऱ्याचं असं असतं, सगळं नीट झालं तर पेढे सर्जनला, काही बिनसलं तर पहिला प्रश्न आम्हाला. ओळखीतल्या एका डॉक्टरचा पेशंट टेबलावरच दगावला. त्याची काही चूक नव्हती. पण नातेवाइकांच्या वकिलाने पहिल्यांदा त्याची नोंदणी काढली, ती निघाली मुदत संपलेली, आणि मग त्याची बाजू ऐकायला कुणी तयार होईना. माणूस दोन वर्षांत म्हातारा झाला. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून मी शिरपूरच्या सगळ्यांना सांगून टाकलं, मला बोलावू नका.

ते दिवस आठवले की अजून जीव घाबरा होतो. आठवड्यातून दोनदा घाट चढून सेंधव्याला जायची, तिथे मी डॉक्टर. चार केस करायची, हसायची, बोलायची. घाट उतरून सीमा ओलांडली की मी कुणीच नाही. घरात बसून फोन वाजू नये म्हणून देवाला हात जोडायची, आणि तो वाजायचाच. शिरपूरची माझी मैत्रीण स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पंचवीस वर्षं आम्ही एका टेबलावर काम केलंय, तिच्या हाताच्या हालचालीवरून मला तिचा मूड कळतो. ती पहिल्यांदा समजावून बोलली, मग चिडली. "अगं, बाळाचे ठोके उतरतायत, धुळ्याचा भूलवाला येईपर्यंत काय मी आरती म्हणत बसू?" मी म्हटलं, "धुळ्याला पाठव." ती म्हणाली, "तू दोन गल्ल्यांवर बसलीयस आणि मी धुळ्याला पाठवू?" आणि तिने फोन ठेवून दिला. मी उठून देवघरात गेले, तिथून स्वयंपाकघरात, तिथून परत देवघरात. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते काय असतं, ते त्या दिवसांत कळलं.

अशात भाचीचे दिवस भरत आले. तिचा नवरा सुरतेला नोकरीला, ती बाळंतपणाला धरणगावला आलेली. पहिलं सिझर असल्याने हेही सिझरच करायचं ठरलेलं. कुठे, ते विचारायचा प्रश्नच नव्हता, आत्याकडे. मी भावाला फोन करून सांगितलं, "भाऊ, माझं लायसन अडकलंय. या खेपेला जळगावला करा." मग भाऊ कडाडला. तो रागावला की आमच्या बोलीत शिरतो. "हाई काय बोलनं व्हयनं? आमनी बहीण डॉक्टर शे, नि पोर परकाना हातमा देवानी?" घरची बहीण डॉक्टर असताना पोर परक्याच्या हातात द्यायची?

मी समजावलं. लायसन काय असतं, मुदत काय असते. त्याला वाटलं, कागदाचं काहीतरी आहे, घरच्या माणसाला कसला कागद! त्याच्या मागून वहिनीचा आवाज, "आपली माणसं काय पोलिसात जाणार आहेत का?" मग भाचीने फोन घेतला. ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, "आत्या, तू नसशील तर मी त्या टेबलावर चढणार नाही. मला स्वप्नं पडतात त्या सुईची."

मी तिला म्हणायला हवं होतं, वेडी आहेस का, जळगावला माझ्याहून हुशार पोरं आहेत, कळणारही नाही तुला सुई. ओठांवर आलंही होतं. पण भाऊ परत फोनवर आला आणि म्हणाला, "मंग तठे लई चाल ना तिले. तठे तर तू डॉक्टर शे."

तिला तिकडे घेऊन चल, म्हणजे सेंधव्याला. आणि खरं सांगते, माझ्या डोक्यात दिवाच लागला. अरे, खरंच की! सेंधव्याचे सर्जन चांगले, दवाखाना चांगला, माझा तिकडचा नंबर चोख. कळा सुरू व्हायच्या आधीची ठरलेली केस. सकाळी इथून निघायचं, दुपारपर्यंत बाळ हातात. लायसन पोरीकडे जाऊ शकत नाही, तर पोरीला लायसनकडे नेऊ. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी पोटभर जेवले. सर्जननाही फोन केला, तेही हसले, म्हणाले, "मॅडम, महाराष्ट्र का बच्चा हमारे यहाँ पैदा होगा, मिठाई तो बनती है."

मैत्रिणीला सांगितलं तेव्हा तिला ते आवडलं नाही. "आधीचं सिझर आहे, घाट आहे, कशाला द्राविडी प्राणायाम? जळगावला कर, नाहीतर धुळ्याला कर." मी म्हटलं, "अगं, तासाभराचा रस्ता. नेहमी जातेय मी." ती म्हणाली, "तुझ्या पोटात बाळ नसतं." मला राग आला. मी तिला वाटेल ते बोलले.

भाऊ-वहिनी भाचीला घेऊन शिरपूरला आले. पहिली नात धरणगावला शेजारी ठेवली होती. दोन दिवस घर भरून गेलं. वहिनीने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी केल्या, ठेचा कुटला, भाची पाय सोडून ओट्यावर बसायची आणि मला बाळाचे पाय हाताला लावायची. "बघ, बघ, हा लाथाड्या होणार." ठरल्या दिवशी सकाळी आंघोळी करून, देवाला नारळ फोडून आम्ही निघालो. भाऊ गाडी चालवत होता, पुढे वहिनी, मागे मी आणि ती. तिने माझा हात हातात घेतला होता. वहिनी म्हणाली, "बठ्ठं बेस व्हई." सगळं छान होईल.

पळासनेर गेलं, सीमेची कमान गेली, मध्य प्रदेशात आपलं स्वागत आहे वाचलं. मी भाचीला चिमटा काढला. "घे, आता मी परत डॉक्टर झाले." ती हसली. पण हसताना कमरेवर हात ठेवला. मी विचारलं. म्हणाली, "सकाळपासून जरा भरून येतंय, काही नाही." मी म्हटलं, "अगं मग बोलायचं नाही का?" तर म्हणते, "आज जायचंच होतं ना."

घाट सुरू होण्याच्या आधीच ट्रक उभे. वरच्या वळणावर एक कंटेनर आडवा झाला होता. आधी आम्हाला वाटलं, निघेल. घाटात हे नेहमीचंच. ट्रकवाले खाली उतरून चहा प्यायला लागले की समजायचं, लवकर निघत नाही. ते स्टोव्ह पेटवायला लागले होते. आमच्या मागेही गाड्या लागल्या, बाजूलाही. आणि तिच्या कळा सुरू झाल्या. आधी लांब लांब, मग जवळ जवळ. मी तिला श्वास घ्यायला लावत होते, हसवत होते, आणि मनात घाट चढत होते, उतरत होते.

मग ती एकदम ओरडली. कळेचं ओरडणं मला माहीत आहे, ते चढतं आणि उतरतं. हे उतरलं नाही. तिने माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचकली. पोटावर हात ठेवला, तर ताठरलेलं पोट एका जागी भलतंच मऊ झालेलं, आणि खांदा दुखतोय म्हणाली. खांदा. पोटात रक्त साठलं की खांदा दुखतो. जुन्या सिझरची शिवण उसवली होती. नाडी बघितली, ती धावत होती. बाळाच्या पायासाठी हात फिरवला, इकडे फिरवला, तिकडे फिरवला. लाथाड्या काही बोलेना.

आता बघा गंमत. मी मध्य प्रदेशात होते. माझा नंबर चालू, माझी नोंदणी चोख, कुणाची हिंमत नव्हती मला अडवायची. आणि माझ्याजवळ काय होतं? डिकीत एक बॅग, सलाइनच्या बाटल्या, गाडीचं मागचं सीट. टेबल नाही, रक्त नाही, सर्जन नाही. कायद्याने पक्की डॉक्टर, आणि पोर माझ्या मांडीवर पांढरी पडत चाललेली. मी सलाइन लावलं, वहिनीला बाटली वर धरायला सांगितली. तिने ती दोन्ही हातांनी धरली. मी भावावर खेकसले, "फिरव गाडी!" तो म्हणाला, "कुठून फिरवू?" आणि खरंच, कुठून फिरवणार?

तो खाली उतरला. जन्मात कुणासमोर हात न जोडलेला माझा भाऊ ट्रकवाल्यांच्या पाया पडत होता. कोण कुठले पंजाबचे, राजस्थानचे ड्रायव्हर, पण चहा टाकून धावले. कुणी ट्रक अर्धा मागे घेतला, कुणी दगड सारले, दोघांनी आमची गाडी ढकलून आडवी केली. उलट्या बाजूने, समोरून येणाऱ्यांना हात दाखवत आम्ही परत निघालो. मी मैत्रिणीला फोन लावला. "शिवण उसवलीय. टेबल तयार ठेव. रक्त सांग." तिने रागाचं काही काढलं नाही. एवढंच म्हणाली, "ये."

परत कमान आली. पळासनेर आलं. मी भाचीच्या गालावर चापट्या मारत होते, "झोपू नकोस, बोल माझ्याशी, तुझ्या पोरीचं नाव सांग, शाळेचं सांग." ती म्हणत होती, "आत्या, तहान लागलीय." रक्त जातं तेव्हा तहान लागते. भुलेआधी पोटात पाणी जाऊन चालत नाही, मी तिला देऊ शकत नव्हते.

दवाखान्याच्या दारात मैत्रीण स्वतः स्ट्रेचर घेऊन उभी होती. आत नेता नेता म्हणाली, "धुळ्याला फोन केला. तो दुसऱ्या केसमध्ये अडकलाय." तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. ती म्हणाली, "मी काही विचारत नाही तुला." मी चपला काढल्या आणि हात धुवायला लागले. इतके दिवस ज्या भीतीने झोप लागली नव्हती, ती भीती कुठे गेली कोण जाणे. शोधायलाही वेळ नव्हता.

पाठीतल्या सुईची ती वेळच नव्हती, पूर्ण भूल द्यायची होती. मी तिच्या डोक्याशी उभी राहिले. तोंडावर मास्क धरला. तिने डोळे उघडले, वर बघितलं, उलटा चेहरा ओळखला. "आत्या, तूच आहेस ना?" मी म्हटलं, "मीच आहे गं." ती म्हणाली, "मग ठीक आहे." आणि डोळे मिटले. मी औषध सोडलं.

मुलगी होती. दाट केसांची, नाक आमच्या घरचं. मैत्रिणीने तिला बाहेर काढून बाजूला दिलं, आणि तिच्या हाताच्या हालचालीवरूनच मला कळलं. तरी मी आईला सोडून बाळाकडे बघू शकत नव्हते, माझी बोटं आईच्या जबड्याखाली होती. नर्स छाती दाबत होती. मी नुसती ऐकत होते, की आता रडेल, आता रडेल. रडली नाही. मैत्रीण मान न उचलता म्हणाली, "गर्भपिशवी राहत नाही. काढते. हिला तरी वाचवू." रक्त चढत होतं, प्रेशर खाली जाऊन वर येत होतं, आणि मी डोळ्यांतलं पाणी खांद्याला पुसत होते, कारण हात मोकळे नव्हते. ती वाचली.

नंतर कागद लिहायची वेळ आली. भूल कुणी दिली, तिथे मैत्रीण पेन घेऊन थांबली. धुळ्याचे डॉक्टर येऊन पोचले होते, भला माणूस, दारातूनच म्हणाले, "मॅडम, माझं नाव टाका, मी बघून घेईन." मी त्यांच्या पाया पडायची तेवढी राहिले. पण पेन मी घेतलं आणि माझं नाव लिहिलं. पूर्ण नाव, सही, महाराष्ट्राचा नंबर. म्हटलं, काय व्हायचं ते होऊ दे. आता माझं काय करणार आहेत? फासावर देणार का? देऊ देत.

आणि कुणी आलंच नाही. कुणी विचारलं नाही. ना वकील, ना कौन्सिल, ना पोलीस. भाचीचा नवरा सुरतेहून आला, बाळाला हातात घेऊन बसला, माझ्याशी एक वाकडा शब्द बोलला नाही. वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "आत्या होती म्हणून आई वाचली हो. हाताला गुण आहे तिच्या." मला ते ऐकवेना, मी उठून बाहेर जायची. भाऊ सारखा म्हणायचा, नशिबाचा भाग, कंटेनर नेमका आजच पडायचा होता. सगळे कंटेनरवर बोलत होते. काही आठवड्यांनी माझं नूतनीकरणही झालं, मोबाइलवर मेसेज आला. आता घाटाच्या अलीकडेही मी डॉक्टर आहे, पलीकडेही. फोन येतो, मी बॅग उचलते आणि जाते.

मला विचारलं ते एकीनेच.

तेव्हा ती अजून दवाखान्यातच होती. वहिनी खाली चहा आणायला गेली होती. भाचीला दूध उतरलं होतं. शरीराला काय माहीत, बाळ नाही ते! छाती दगडासारखी झालेली, अंगात कणकण, आणि मी मऊ सुती ओढणी तिच्या छातीला घट्ट बांधत होते. गाठ मारताना ती म्हणाली, "आत्या, एक विचारू? खरं सांगशील? बाकीचे सगळे मला नशीब नशीब करतात."

मी म्हटलं, "विचार."

"जळगावला गेलो असतो तर?"

मला वाटलं, खोटं बोलावं. किती सोपं होतं. सांगता येत नाही बाई, शिवण कुठेही उसवली असती, असं काहीतरी. डॉक्टर लोकांना हे छान जमतं. पण तिने माझ्याकडे अशा विश्वासाने बघितलं, जशी टेबलावर बघत होती, आणि माझी जीभ काही वळेना.

"वाचली असती," मी म्हटलं. "दवाखाना जवळ होता. कमर भरून आली तेव्हाच घेतलं असतं. वाचली असती."

ती रडली नाही. ओढणीच्या गाठीवर तिने हात ठेवला. मग माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी सोसला असता.

"आत्या, मी बाबांचं कधी ऐकलं नसतं, आईचं नसतं ऐकलं," ती म्हणाली. "पण तू एकदा म्हणाली असतीस ना, की जा जळगावला, घाबरू नको, तर मी गेले असते गं."